लॉगिन झाले, पण रोल कोणी तपासला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या करिअर पुरवणीत जावातल्या वेब सर्व्हिसवर आलेला लेख वाचला. सर्व्हिस लिहायची कशी, सर्व्हरवर चढवायची कशी, लॉगिन कसे लावायचे, हे त्यात नीट उतरले आहे. मात्र लॉगिन लागले म्हणजे सुरक्षेचे काम झाले, अशा सुरात लेख संपतो. या कामात नव्याने येणारी मुले अशी पाने कापून ठेवतात, म्हणून राहिलेला भाग कळवत आहोत. लॉगिनवरून माणूस कोण ते कळते; त्याला काय करू द्यायचे ते त्याच्या रोलवरून ठरते. रोलची तपासणी चुकली तर ती बहुधा आवाज न करता चुकते. प्रोग्रॅम चालतो, लॉगमध्ये लाल ओळ येत नाही, फक्त दार उघडे राहते. (पुस्तकात रोलला 'भूमिका' म्हणतात. कामावर तसे कोणी म्हणत नाही, म्हणून इथेही रोलच. क्लास आणि मेथडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.)

उदाहरणाला एक पतसंस्था घेऊ. लिपिक कर्जाचा अर्ज भरतो, शाखाधिकारी तो मंजूर करतो, लेखापरीक्षक नुसता पाहतो. तिघांनाही लॉगिन आहे. लिपिकाच्या लॉगिनवर 'कर्जमंजूर' ही मेथड चालता कामा नये, एवढीच मागणी.

ही मागणी पुरी करायला पुष्कळजण पडद्यावरचे बटण लपवतात. पण सर्व्हिसला बटण लागत नाही. पत्ता आणि स्वतःचा पासवर्ड माहीत असलेला लिपिक कर्लची (कमांड लाइनवरून विनंती पाठवणारे साधन) एक ओळ लिहून तीच मेथड बोलावू शकतो. याहून वाईट प्रकार म्हणजे ब्राउझरकडून येणाऱ्या जेसॉनमध्ये (माहिती पाठवायचा साधा मजकूर) किंवा सोपच्या संदेशात (जुन्या धाटणीच्या सर्व्हिसचा एक्सएमएल मजकूर) 'रोल' नावाचा रकाना ठेवणे आणि सर्व्हिसने त्यावर विश्वास ठेवणे. 'लिपिक' खोडून 'शाखाधिकारी' लिहायला दोन सेकंद लागतात. गेटवेने (सर्व्हरच्या पुढे बसून विनंत्या आत सोडणारा) हेडरमध्ये रोल घालून पुढे पाठवण्याची पद्धतही याच जातीची आहे. ती चालते, पण दोन अटींवर: बाहेरून त्याच नावाचा हेडर आला तर गेटवेने तो आधी काढून टाकला पाहिजे, आणि आतल्या सर्व्हरचे पोर्ट गेटवेखेरीज कोणालाही लागता कामा नये. दुसरी अट कागदावर असते. फायरवॉलमध्ये ती आहे का, हे पाहायला कोणी जात नाही.

रोल विचारायचा तो सर्व्हरच्या कंटेनरला, म्हणजे आपला प्रोग्रॅम चालवणाऱ्या आणि लॉगिन सांभाळणाऱ्या भागाला. त्यासाठी खिडक्या वेगवेगळ्या आहेत. सर्व्हलेटमध्ये एचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्ट, सोपच्या जॅक्स-डब्ल्यूएसमध्ये वेबसर्व्हिसकॉन्टेक्स्ट, रेस्टच्या (साध्या एचटीटीपी विनंत्यांवर चालणारी सर्व्हिस) जॅक्स-आरएसमध्ये सिक्युरिटीकॉन्टेक्स्ट. या तिन्हींवर गेटयुजरप्रिन्सिपल आणि इजयुजरइनरोल याच दोन मेथड आहेत: पहिली प्रिन्सिपल, म्हणजे लॉगिन झालेल्याची ओळख, देते आणि दुसरी रोल आहे का ते सांगते. ईजेबीत (कंटेनर स्वतः सांभाळतो असे व्यवहाराचे क्लास) सेशनकॉन्टेक्स्ट असतो आणि तिथे नावे बदलतात: गेटकॉलरप्रिन्सिपल, इजकॉलरइनरोल. 2017 मध्ये जावा ईई 8 बरोबर आलेल्या सिक्युरिटी एपीआयने आणखी एक सिक्युरिटीकॉन्टेक्स्ट दिला. त्याचे नाव जॅक्स-आरएसवाल्यासारखेच, पण पॅकेज वेगळे. आयडीई चुकीचा इम्पोर्ट सुचवतो आणि मग इंजेक्शन (कंटेनरने ऑब्जेक्ट आणून फील्डमध्ये भरणे) का होत नाही म्हणून दुपार जाते.

नवख्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या माणसाच्या सगळ्या रोलची यादी कशी मिळवू? वरच्या बहुतेक खिडक्यांवर यादी मिळत नाही. 'हा रोल याला आहे का' एवढेच विचारता येते आणि उत्तर हो किंवा नाही. यादी हवीच असेल तर आपल्या अ‍ॅप्लिकेशनमधले जे चार-पाच रोल आहेत ते एकेक करून विचारावेत. एरवी यादी लागते ती पडद्यावर मेनू दाखवायलाच.

या खिडक्यांमधला एक फरक मात्र पाठ असू द्यावा. लॉगिन झालेले नसेल तर सर्व्हलेट, सोप आणि रेस्टमध्ये प्रिन्सिपल नल, म्हणजे रिकामा, येतो. ईजेबीत तो कधीच नल येत नाही. निनावी माणसाचाही एक प्रिन्सिपल मिळतो आणि त्याचे नाव सर्व्हरागणिक बदलते. तेव्हा रेस्टमधला 'नल नाही म्हणजे लॉगिन झाले' हा कोड उचलून ईजेबीत चिकटवला, तर जगातला प्रत्येकजण लॉगिन झालेला ठरतो.

आता सोपकडे. जुन्या बँकिंग आणि विमा प्रकल्पांत ते अजून भरपूर आहे. वेबसर्व्हिसकॉन्टेक्स्ट हे फील्ड @रिसोर्स लावून घ्यायचे आणि मेथडच्या आत इजयुजरइनरोल विचारायचे, इतके ते सोपे आहे. ते कन्स्ट्रक्टरमध्ये वापरले तर नलपॉइंटर येतो, कारण इंजेक्शन ऑब्जेक्ट तयार झाल्यावर होते. पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये (इंजेक्शननंतर लगेच चालणारी मेथड) वापरले तर इलीगलस्टेट येतो, कारण त्या वेळी कोणाचीही विनंती चालू नसते. सर्व्हिसचा ऑब्जेक्ट स्वतः न्यू करून घेतला तर फील्ड रिकामेच राहते. या तिन्ही चुका निदान ओरडतात. न ओरडणारी चूक अशी: मेथडच्या सुरुवातीला प्रिन्सिपल काढून तो क्लासच्याच एका फील्डमध्ये ठेवणे. बहुतेक ठिकाणी सर्व्हिसचा एकच ऑब्जेक्ट सगळ्यांच्या विनंत्या हाताळतो. लिपिकाची विनंती अर्ध्यात असताना शाखाधिकाऱ्याची आली की फील्डमधले नाव बदलते आणि लिपिकाचे उरलेले काम शाखाधिकाऱ्याच्या नावावर होते. टेस्टिंगला एकच माणूस बसलेला असतो, त्यामुळे हे कधी दिसत नाही. महिनाअखेरीला शाखा गजबजली की दिसते. कॉन्टेक्स्ट फील्डमध्ये ठेवायला हरकत नाही, तो चालू विनंतीचीच माहिती देतो. त्यातून काढलेली किंमत मात्र मेथडच्या आतच राहू द्यावी.

सोपमध्येच दुसरी अडचण डब्ल्यूएस-सिक्युरिटीची, म्हणजे ओळख संदेशातच पाठवण्याच्या पद्धतीची. युजरनेमटोकन संदेशाच्या हेडरमध्ये येते आणि हँडलर पासवर्ड तपासतो, पण कंटेनरला यातले काहीच कळलेले नसते. मग प्रिन्सिपल नल आणि प्रत्येक रोलला उत्तर 'नाही'. अपाची सीएक्सएफ या लायब्ररीत डब्ल्यूएसएसफोरजेचा इंटरसेप्टर प्रिन्सिपल बसवतो, पण रोल आपोआप येत नाहीत. त्यासाठी जासलॉगिनइंटरसेप्टर लावून कोणता प्रिन्सिपल रोल समजायचा ते सांगावे लागते. वैतागून पुष्कळजण इथे तपासणीच काढून टाकतात.

रेस्टमध्ये सगळ्यात जास्त फसगत करते ते @रोल्सअलाउड. मेथडच्या डोक्यावर 'शाखाधिकारी' लिहिले की वाचणाऱ्याला वाटते कुलूप लागले. पण अ‍ॅनोटेशन ही नुसती चिठ्ठी आहे, ती वाचणारा कोणीतरी लागतो. ईजेबीत कंटेनर ती वाचतो. साध्या जॅक्स-आरएस क्लासवर ती आपोआप वाचली जाईल याची खात्री नाही. जर्सी आणि रेस्टईझी या जॅक्स-आरएस चालवणाऱ्या लायब्ररी. जर्सीत रोल्सअलाउडडायनॅमिकफीचर हा क्लास रजिस्टर करावा लागतो. रेस्टईझीला वेब.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये 'रेस्टईझी.रोल.बेस्ड.सिक्युरिटी' हा कॉन्टेक्स्ट-पॅराम ट्रू करून द्यावा लागतो. हे राहिले तर ना कंपाइलर बोलतो, ना सर्व्हर. लिपिक कर्ज मंजूर करतो आणि उत्तर 200, म्हणजे 'काम झाले', असे येते.

2020 अखेरीस जकार्ता ईई 9 ने पॅकेजची नावे जावएक्सवरून जकार्ता अशी केली, तेव्हापासून याच चुकीला नवे रूप आले आहे. कोड टॉमकॅट 10 किंवा वाइल्डफ्लाय 27 या सर्व्हरवर नेताना इम्पोर्ट बदलायचे असतात. एखाद्या फाइलमध्ये जुने जावएक्सचे रोल्सअलाउड राहून गेले आणि जुनी अ‍ॅनोटेशनची जार (तयार क्लासची फाइल) डिपेन्डन्सीत पडून असली, तर कंपाइल बिनबोभाट होते. नव्या सर्व्हरला ते अ‍ॅनोटेशन ओळखीचे नसते, म्हणून तो ते सोडून देतो. ती जार नसली तरी चढवलेल्या जुन्या क्लासबद्दल जावा तक्रार करत नाही. न सापडणारे अ‍ॅनोटेशन ते मुकाट्याने गाळते. म्हणून स्थलांतरानंतर सगळ्या सोर्समध्ये 'जावएक्स.अ‍ॅनोटेशन.सिक्युरिटी' शोधावे आणि एकही ओळ सापडता कामा नये. ज्यांचा कोड जावा 8 वरून थेट वर जातोय त्यांना सोपपुरता एक धक्का आणखी बसतो: जॅक्स-डब्ल्यूएस जावा 11 पासून जेडीकेतून काढून टाकले आहे, ते वेगळे आणावे लागते. पण तो धक्का कंपाइल करतानाच बसतो, म्हणून तो बरा.

विसरलेल्या मेथडचे काय? जर्सीत क्लासवर काही लिहिलेले नसेल आणि एका मेथडवर अ‍ॅनोटेशन लिहायचे राहिले, तर ती मेथड सर्वांना खुली असते. म्हणून क्लासच्या डोक्यावर सर्वांत कडक रोल लिहावा आणि जिथे सैल करायचे तिथे मेथडवर वेगळा लिहावा. मेथडवरचे क्लासवरच्यापेक्षा वरचढ ठरते. मग विसरलेली मेथड उघडी न राहता बंद राहते आणि दहा मिनिटांत कोणाचा तरी तक्रारीचा फोन येतो. क्लासवर @डिनायऑल लावण्याचा मोह होईल, पण जर्सीच्या जुन्या आवृत्त्या क्लासवरचे डिनायऑल पाहतच नाहीत.

टोकन वापरणाऱ्यांचा घोळ वेगळ्या जागी होतो. जेडब्ल्यूटी (लॉगिननंतर मिळणारे, सही केलेले टोकन) वाचणारा एक कंटेनररिक्वेस्टफिल्टर लिहितात आणि त्यात स्वतःचा सिक्युरिटीकॉन्टेक्स्ट बसवतात. पद्धत योग्य आहे. फिल्टरवर @प्रायॉरिटी लिहायची राहिली तर मात्र त्याचा क्रमांक 5000 धरला जातो. रोल तपासणारा जर्सीचा फिल्टर 2000 वर असतो आणि लहान क्रमांक आधी धावतो. म्हणजे ओळख पटण्याआधीच रोल विचारला जातो आणि शाखाधिकाऱ्यासकट सगळ्यांना 403, म्हणजे 'परवानगी नाही'. आपला फिल्टर 1000 वर, म्हणजे ऑथेंटिकेशनच्या जागी बसवला की प्रश्न मिटतो. शिवाय हा कॉन्टेक्स्ट रेस्टच्या थरापुरताच असतो. तिथून पुढे ईजेबीला हाक मारली की त्याला समोरचा निनावीच दिसतो. सर्व्हलेटच्या रिक्वेस्टलाही यातले काही माहीत नसते. सगळ्या थरांना कळायला हवे असेल तर ओळख कंटेनरच्या पातळीवर पटवावी.

मायक्रोप्रोफाइलचे (जावातल्या छोट्या सर्व्हिससाठीचे मानक) जेडब्ल्यूटी वापरत असाल तर रोल टोकनमधल्या 'ग्रुप्स' या नोंदीतून येतात. कीक्लोक हा लॉगिन सांभाळणारा सर्व्हर मुळात ते 'रिअल्म अ‍ॅक्सेस'च्या पोटात ठेवतो, त्यामुळे तिथे मॅपर लावून 'ग्रुप्स'मध्ये आणावे लागतात. आणि टोकनमधला मजकूर गुप्त नसतो. बेस64 उलगडले की कोणीही वाचू शकतो. भरवसा असतो तो सहीवर, म्हणून सही न तपासता आतला रोल वाचणे आणि जेसॉनमधला रकाना वाचणे यात काडीचा फरक नाही. बदलीचाही विचार करावा. काल शाखाधिकारी असलेला माणूस आज मुख्यालयात गेला तरी त्याच्या हातातल्या टोकनमध्ये जुना रोल मुदत संपेपर्यंत राहतो. मुदत पाच ते पंधरा मिनिटांची ठेवावी. आठ तासांची ठेवली तर सकाळी काढलेला अधिकार संध्याकाळपर्यंत चालू राहतो.

वेब.एक्सएमएलमधल्या सिक्युरिटी-कन्स्ट्रेंटबद्दल (कोणता पत्ता कोणाला खुला ते सांगणारी नोंद) सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे एका ओळीने अर्थ उलटा होतो. ऑथ-कन्स्ट्रेंट हा टॅग लिहून रिकामा ठेवला तर तो पत्ता सर्वांना बंद. टॅगच लिहिला नाही तर सर्वांना खुला. रोलच्या जागी एक फुली (*) म्हणजे या अ‍ॅप्लिकेशनमध्ये जाहीर केलेला कोणताही रोल. दोन फुल्या (**) म्हणजे लॉगिन झालेला कोणीही, रोल असो वा नसो. पत्ते एकमेकांच्या पोटात असतील तर सर्वांत नेमका जुळणारा पत्ताच लागू होतो. '/एपीआय/*' वर शाखाधिकारी लावला आणि '/एपीआय/अर्ज/*' साठी नुसते एचटीटीपीएस सक्तीचे करायला वेगळा कन्स्ट्रेंट लिहून त्यात ऑथ-कन्स्ट्रेंट ठेवला नाही, तर अर्जाचा भाग रोलविना उघडा पडला. वरचे बंधन खाली उतरत नाही.

सर्वांत जुना सापळा एचटीटीपी-मेथडचा, म्हणजे गेट, पोस्ट, पुट अशा विनंतीच्या प्रकारांचा. सोपच्या हाका पोस्टने येतात आणि डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचे वर्णन देणारी फाइल) त्याच पत्त्यावर गेटने मिळते. डब्ल्यूएसडीएल लॉगिनशिवाय वाचता यावे म्हणून कन्स्ट्रेंटमध्ये फक्त पोस्ट लिहिण्याची रीत पडली, आणि सोपपुरती ती चालूनही गेली. तोच तुकडा रेस्टच्या प्रकल्पात आला की पुट, डिलीट, पॅच हे सगळे बंधनाबाहेर राहतात, कारण मेथडची नावे लिहिली की कन्स्ट्रेंट तेवढ्यांनाच लागतो. उपाय दोन. एक तर मेथडची नावे लिहूच नयेत, म्हणजे सगळ्यांना बंधन लागते. किंवा सर्व्हलेट 3.1 पासून मिळालेला डिनाय-अनकव्हर्ड-एचटीटीपी-मेथड्स हा टॅग टाकावा. एक रिकामा टॅग, बस.

आता उलट तक्रार: सगळे बरोबर लिहिले तरी योग्य माणसालाही 403. इथे पहिला संशय मॅपिंगवर घ्यावा. अ‍ॅप्लिकेशनमधला रोल आणि एलडॅपमधला (संस्थेतल्या वापरकर्त्यांची मध्यवर्ती यादी) गट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्लासफिशमध्ये दोन्हींची गाठ ग्लासफिश-वेब.एक्सएमएलमधल्या सिक्युरिटी-रोल-मॅपिंगने बांधतात, वेबलॉजिकमध्ये सिक्युरिटी-रोल-असाइनमेंटने. टॉमकॅटच्या डेटासोर्सरेल्ममध्ये रोलचा टेबल आणि त्यातला कॉलम नावाने सांगावा लागतो. रोल डिक्लेअररोल्समध्ये किंवा वेब.एक्सएमएलमध्ये जाहीर केलेला असावा. नसला तर काही सर्व्हर चालवून घेतात, काही सरळ 'नाही' म्हणतात. स्पेलिंगमध्ये लहान-मोठ्या अक्षराचा फरकही पुरतो. स्प्रिंग सिक्युरिटी या लायब्ररीची खोड वेगळी: हॅजरोल स्वतःहून पुढे 'रोल_' जोडून शोधते, हॅजऑथॉरिटी जोडत नाही. डेटाबेसमध्ये नुसते नाव साठवले आणि हॅजरोलने विचारले की उत्तर नेहमी 'नाही'.

थ्रेडबद्दल थोडक्यात. स्प्रिंगमध्ये ओळख थ्रेडला बांधलेली असते. मेथडमधून स्वतःचा नवा थ्रेड काढला, तर तिथे ती पोहोचत नाही. कंटेनरचा मॅनेज्डएक्झिक्युटरसर्व्हिस ती सोबत नेतो, स्प्रिंगमध्ये त्यासाठी डेलिगेटिंग प्रकारचा एक्झिक्युटर आहे. सगळ्यात साधे म्हणजे थ्रेड काढण्याआधी नाव आणि हो-नाही काढून घ्यावे आणि पॅरामीटर म्हणून द्यावे.

एवढे केल्यावरही एक भोक राहते, ते रोलने बुजत नाही. सातारा शाखेच्या शाखाधिकाऱ्याने पत्त्यातला खाते क्रमांक बदलून कराडच्या खातेदाराचे कर्ज उघडले, तर इजयुजरइनरोल 'हो'च म्हणणार; तो शाखाधिकारी आहेच. त्यासाठी प्रिन्सिपलवरून त्याची शाखा काढून खात्याच्या शाखेशी ताडावी लागते, आणि शक्यतो ती अट डेटाबेसच्या क्वेरीतच घालावी. ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत 2017 साली पाचव्या क्रमांकावर असलेला प्रवेशनियंत्रणातला बिघाड 2021 साली पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात ही चूक मोडते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे पतसंस्थांच्या संचालकांनीही वाचलेले बरे.

तपासणी कशी करावी? बरोबर माणसाने बरोबर काम करून पाहणे, ही निम्मी तपासणी. एक तक्ता करावा: आडवे लिपिक, शाखाधिकारी, लेखापरीक्षक आणि लॉगिन नसलेला असे चारजण, उभ्या सर्व्हिसच्या सगळ्या मेथड. बारा मेथड असतील तर 48 चौकोन. प्रत्येक चौकोनात अपेक्षित उत्तर आधी लिहावे: लॉगिनच नाही तर 401, लॉगिन आहे पण रोल नाही तर 403, रोल असेल तर 200. मग कर्लला आय आणि यू हे पर्याय देऊन एकेक चौकोन भरावा, आणि हे काम बिल्डमध्येच टाकून द्यावे. 403 च्या जागी 500 आले तर घाबरू नये. ईजेबीने नकार दिला आणि तो सोप फॉल्ट म्हणून बाहेर पडला की 500 च येतो. रेस्टमध्येही काही सर्व्हर असे करतात, तिथे ईजेबीअ‍ॅक्सेसएक्सेप्शनसाठी एक्सेप्शनमॅपर लिहून 403 करून घ्यावा. शेवटी प्रत्येक पत्त्यावर डिलीट, पुट आणि हेड पाठवून पाहावे. लॉगमध्ये नाव, विचारलेला रोल आणि उत्तर एवढेच लिहावे. टोकन किंवा पासवर्ड कधीही नाही.

सर्व्हर किंवा एखादी जार बदलली की हा तक्ता पुन्हा पहिल्या चौकोनापासून चालवावा लागतो. पुरवणीत पुढचा लेख येणार असेल तर त्यात असा एक भरलेला तक्ता छापावा, ही विनंती.

कळावे,
जावा वेब सर्व्हिसवर काम करणारे काही वाचक,
पुणे